घट्ट बांधा, पण सुतळीने नको

गेल्या अंकात या सदरात मी कडबा कुट्टी आणि मळणी यंत्रावरच्या जखमांबद्दल लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : ‘हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर वरच्या बाजूला करकचून बांधायला कचरू नका.’ या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी पूर्ण सदरच त्यासाठी दिलं. काही पत्रं शंकेची आहेत, काही चक्क रागाची. राग मला समजतो. ‘बांधलं की हात जातो’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकलेलं असतं आणि डॉक्टरांनीही ते वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे. मी उसाच्या पट्ट्यात सर्जन म्हणून काम करते. गळीत हंगाम सुरू झाला की कोयत्याच्या आणि यंत्राच्या जखमा सुरू होतात. त्यातले जे रुग्ण मला वाचवता आले नाहीत, त्यांचा हात किंवा पाय शाबूत होता. अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. म्हणून निवडक पत्रांना जरा सविस्तर उत्तर देते.

प्रश्न : दिवाळीनंतर माझ्या दिरांचा उजवा हात कडबा कुट्टीत गेला. कोपराच्या खाली रक्ताची चिळकांडी उडत होती. सासऱ्यांनी गोणीची सुतळी काढून दंडाला बांधली. रक्त थांबलं तर नाहीच, मला वाटलं उलट जास्तच वाहायला लागलं. शेजारचे म्हणाले, सोडा, हात काळा पडेल. मग सोडली, परत बांधली, परत सोडली. दवाखान्यात पोचेपर्यंत हेच चाललं होतं. दीर वाचले, पण रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या चढवाव्या लागल्या. आमचं काय चुकलं? बांधायला नको होतं का?
— एक वाचक भगिनी, माळशिरस तालुका

उत्तर : ताई, बांधायलाच हवं होतं. सासऱ्यांनी त्या घाईत जे धाडस केलं, त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगा. गडबड झाली ती सुतळीमुळे आणि सोडण्यामुळे.

रक्त जास्त वाहायला लागलं असं तुम्हाला वाटलं, ते खरंच तसं झालं असणार. हातात रक्त आणणाऱ्या धमन्या खोलवर असतात, त्यांच्या भिंती जाड असतात आणि आतला दाब मोठा असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा बऱ्याचशा कातडीखालीच असतात आणि थोड्या दाबानेही मिटतात. बेताचं घट्ट बांधलं की शिरा बंद होतात आणि धमन्या वाहतच राहतात. उसाच्या वाफ्यात पाटाचं पाणी येतंच आहे आणि बाहेर जाणारा चर मात्र बुजवलाय, तर वाफा फुटतो, तसंच हे. असा हात निळा-जांभळा पडतो, टम्म फुगतो आणि जखमेतून दुप्पट जोराने वाहतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी हातांवर मी ही सुतळी पाहिली आहे. फुगलेल्या मांसात ती अशी रुतून बसलेली असते की कात्रीचं टोक खाली घालायला जागा शोधावी लागते, आणि खालून रक्त ठिबकतच असतं.

म्हणजे अर्धवट बांधण्यापेक्षा न बांधलेलं बरं, आणि दोन्हींपेक्षा पूर्ण बांधलेलं चांगलं. पूर्ण म्हणजे किती? रक्त थांबेपर्यंत. दुसरं माप नाही. जखम मनगटाच्या वर असेल तर मनगटाची नाडी लागेनाशी व्हायला हवी. हाताच्या जोराने गाठ मारून एवढा दाब येत नाही, त्यासाठी पीळ द्यावा लागतो.

आता कृती सांगते, ती नीट वाचा. प्रथम माणसाला जमिनीवर आडवं करा. जखमेवरचा कपडा फाडा किंवा वर सरकवा, रक्त नेमकं कुठून येतंय ते डोळ्यांनी पाहा. हाताशी असेल ते स्वच्छ कापड तिथेच ठेवा आणि दोन्ही तळहातांनी, कोपर ताठ ठेवून, आपलं वजन टाकून दाबा. दहा मिनिटं. मधे उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही, कारण प्रत्येक वेळी नुकती धरलेली गुठळी उचकटते. बहुतेक जखमा एवढ्यानेच थांबतात. भिजलेल्या कापडावर दुसरं, त्यावर तिसरं असा गठ्ठा रचत बसू नका, त्याने दाब पसरतो आणि कमी होतो. दाबूनही वाहतंच असेल तर एकदा नेमकी जागा बघा आणि बोटं तिथेच रोवा.

पण चिळकांडी उडत असेल, जमिनीवर थारोळं साचत असेल, हात किंवा पाय तुटून लोंबत असेल, किंवा दाबायला माणूसच मोकळा नसेल, तर दहा मिनिटं वाट बघायची नाही. दोघं असाल तर एकाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने बांधायला घ्यायचं. त्यासाठी दोन इंच तरी रुंदीची पट्टी हवी : ओढणीची घडी, गमछा, उपरणं, फाडलेल्या साडीची पट्टी. सुतळी, वायर, बुटाची नाडी, नायलॉनची दोरी नको. ती कातडी आणि मज्जातंतू कापते आणि धमनी मात्र बंद करत नाही. पँटचा चामडी पट्टाही सहसा उपयोगी पडत नाही, कारण त्याला पीळ बसत नाही.

जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, चार बोटं अंतर सोडून पट्टी दोनदा गुंडाळा. कोपर किंवा गुडघा मधे येत असेल तर सांध्यावर न बांधता त्याच्या वर जा. एक साधी गाठ मारा, गाठीवर आडवी काठी ठेवा, काठीवर दुसरी गाठ मारा. मग काठी फिरवत पीळ द्या. काठी मजबूत हवी : पाना, लाटणं, मोठा चमचा, खुरप्याची मूठ. पेन आणि पेन्सिल मोडतात. रक्त थांबलं की थांबा, काठीचं टोक दुसऱ्या चिंधीने हातालाच बांधून टाका म्हणजे पीळ उलगडणार नाही. किती वाजता बांधलं ते पेनने त्याच्या कपाळावर किंवा दुसऱ्या हातावर लिहा : ‘बांधलं १०.४०’. त्यावर चादर किंवा बाही येऊ देऊ नका, डॉक्टरला ते पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे.

आणि मग सोडायचं नाही. तो माणूस ओरडेल. बरोबर बांधलेलं फार दुखतं, जखमेपेक्षा जास्त दुखतं. तो तुमच्या हातापाया पडेल, म्हातारी माणसं ‘अरे थोडं सैल करा रे’ म्हणतील. तिथे एका माणसाने ठाम उभं राहावं लागतं. दर वेळी सोडल्यावर गुठळी वाहून जाते आणि पेलाभर रक्त जातं. असं पाच-सात वेळा झालं की जखम तेवढीच राहते आणि माणूस पांढरा पडतो. तुमच्या दिरांना एवढं रक्त चढवावं लागलं, ते याचमुळे.

पट्टी बांधूनही वाहत असेल तर पहिली सोडू नका. तिच्या लगेच वर दुसरी बांधा. मांडीला अनेकदा दोन लागतात.

तोपर्यंत १०८ ला फोन गेलेला असावा. माणसाला चहा-पाणी देऊ नका, कितीही तहान लागली म्हणाला तरी. तहान हीच रक्त कमी झाल्याची खूण असते आणि पुढे भूल द्यायची असते. अंगावर मात्र पांघरूण घाला, उन्हाळा असला तरी. गार पडलेल्या अंगातलं रक्त नीट गोठत नाही. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

हळद, चहाची पूड, तंबाखू, चुना यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. भाजी चिरताना कापलेल्या बोटावर तुम्ही हळद लावता, लावा. उसळत्या धमनीवर पुडीने काही होत नाही. ते शोधायला जे घरात पळतात, त्यांचे दोन हात त्या वेळी जखमेवर हवे असतात.

प्रश्न : मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आम्हाला प्रथमोपचारात शिकवलं होतं की टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायची आवळपट्टी, हा शेवटचा उपाय, आणि बांधलंच तर दर पंधरा-वीस मिनिटांनी सैल करायचं. आता नातू फौजेत आहे. तो म्हणतो, आम्हाला उलट शिकवतात. दोघांपैकी कोण बरोबर?
— एक निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

उत्तर : सुभेदारसाहेब, तुम्हाला शिकवलं ते त्या काळचं अधिकृत ज्ञान होतं आणि नातवाला शिकवतात ते आजचं आहे. आज नातवाचं ऐका. पण हे उलटं कसं झालं ती हकीकत तुम्हाला आवडेल, कारण ती सगळी रणांगणावरची आहे.

१६७४ मध्ये फ्रान्समधल्या बेझाँसाँच्या वेढ्यात मोरेल नावाच्या फौजी सर्जनने पट्टीत काठी घालून पीळ द्यायची पद्धत वापरली असं मानतात. वर मी जी कृती सांगितली ती तीच आहे. पुढे १७१८ मध्ये पॅरिसच्या झाँ-लुई पेती यांनी स्क्रू फिरवून आवळायचं पितळी यंत्र केलं. तेव्हा भूल नव्हती, पाय कापायचा तर सर्जनला रक्त थांबवण्यासाठी हेच एक साधन होतं.

बदनामी झाली ती पहिल्या महायुद्धात. जखमी सैनिकाच्या पायाला आवळपट्टी बांधली जायची आणि तो खंदकात, मग स्ट्रेचरवर, मग गाडीत तासन्‌तास पडून राहायचा. सर्जनसमोर येईपर्यंत पाय मेलेला असायचा. सर्जनने पाहिलं काय, तर बांधलेला आणि काळा पडलेला पाय. न बांधलेले जे वाटेतच गेले ते त्याच्या टेबलावर कधी आलेच नाहीत. म्हणून त्याचं मत झालं की हे साधन घातक आहे. ते मत पुस्तकांत उतरलं, पुस्तकांतून प्रथमोपचाराच्या वर्गांत आलं आणि ‘अधूनमधून सैल करा’ हा त्यातूनच निघालेला तोडगा होता. तुम्हाला शिकवलं गेलं ते हे.

मत फिरलं इराकच्या युद्धात. बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात २००६ साली सर्जन जॉन क्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टूर्निकेट लावून आलेल्या प्रत्येक जखमीची नोंद ठेवली. पहिल्या नोंदीत २३२ जण होते. केवळ टूर्निकेटमुळे हात किंवा पाय गमवावा लागला असा एकही निघाला नाही. चौघांना बांधलेल्या जागी मज्जातंतूचा लुळेपणा आला, तोही तात्पुरता. आणि २००९ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते मी माझ्या प्रत्येक इंटर्नला सांगते : अंगातलं रक्त कमी होऊन नाडी ढासळण्याआधी ज्यांना टूर्निकेट लागलं त्यांच्यातले ९० टक्के वाचले. नाडी ढासळल्यावर ज्यांना लागलं त्यांच्यातले फक्त १० टक्के. साधन तेच, फरक कधी लावलं एवढाच. ‘शेवटचा उपाय’ म्हणून राखून ठेवलेल्या वस्तूचं काय होतं ते या दोन आकड्यांत आहे.

वेळेचा हिशेब असा. दोन तासांपर्यंत बांधलेल्या हाता-पायाला सहसा कायमची इजा होत नाही. त्यानंतर धोका वाढत जातो आणि सहा तासांच्या पुढे बहुधा स्नायू मेलेले असतात. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी दोन तासांत पोचता येतं. नाहीच पोचता आलं, तरी वाटेत सोडायचं नाही. सैल करायचं की नाही हे रक्त, सलाईन आणि सर्जन हाताशी असताना ठरवायचं.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कागदावर ‘टूर्निकेट टाइम ८५ मिनिटं’ लिहिलं होतं. एवढा वेळ रक्त बंद ठेवलं तर पाय अधू होणार नाही ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ऑपरेशनमधलं टूर्निकेट हे बीपी मोजायच्या पट्ट्यासारखं हवेने फुगणारं आणि रुंद असतं, दाब यंत्रावर मोजला जातो आणि वेळ कोणीतरी सतत बघत असतं. अमेरिकी सर्जन हार्वी कुशिंग यांनी १९०४ मध्ये ते आणलं. ८५ मिनिटं हे दोन तासांच्या मर्यादेत आहे. मांडीला थोडे दिवस ठणका राहू शकतो, पण पावलाला सुन्नपणा असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल तर वाट न बघता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्याकडे फुरसं चावलं की लगेच वर दोरी आवळतात. तुम्ही लिहिलंत बांधायला कचरू नका. मग साप चावल्यावरही घट्ट बांधायचं ना? शाळेत शिपाई आहे, पावसाळ्यात दरवर्षी एखादी केस होते.
— एक वाचक, देवगड

उत्तर : नाही, नाही, नाही. हे पत्र आलं नसतं तर मीच हा प्रश्न घातला असता.

टूर्निकेट वाहत्या रक्तासाठी आहे, विषासाठी नाही. फुरसं आणि घोणस यांचं विष चावलेल्या जागचं मांस नासवतं आणि अंगातलं रक्त गोठणं बंद पाडतं. वरून आवळलं की ते विष तिथेच कोंडतं, सूज वाढते, मुळात रक्त कमी पोचणारा पाय आणखी उपाशी राहतो. मग कोणीतरी दोरी कापतं आणि कोंडलेलं सगळं एकदम अंगात जातं. नाग किंवा मण्यार असेल तर दोरीने विष अडत नाही, आणि बांधलंय या भरवशावर लोक मांत्रिकाकडे थांबतात, हे त्याहून वाईट. भारताच्या सर्पदंश उपचाराच्या नियमावलीत आवळपट्टी बांधू नका असंच सांगितलेलं आहे.

करायचं काय? माणसाला चालू देऊ नका, चावलेला हात-पाय फळीला किंवा छत्रीच्या दांड्याला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवा. जोडवी, पैंजण, अंगठी, बांगड्या लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. जखम कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. थेट प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. तिथे फुरसं-घोणशीसाठी एक साधी चाचणी करतात : काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. कोणी आधीच दोरी बांधून आणली असेल तर वाटेत कापू नका. दवाखान्यात सलाईन चालू करून, प्रतिविष तयार ठेवून ती सावकाश काढतात.

शाळेच्या नोटीस बोर्डावर दोन वेगळ्या ओळी लिहून लावा : ‘रक्त उसळतंय – घट्ट बांधा. साप चावलाय – आवळू नका.’ मुलं घरी जाऊन सांगतात आणि घरचे त्यांचं ऐकतात.

प्रश्न : येवल्यात आमच्या गल्लीत संक्रांतीला दुचाकीवरून जाणाऱ्याचा मांजाने गळा कापला. आम्ही तिथेच होतो पण गळ्याला काय बांधायचं हे कोणालाच कळेना.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, येवला

उत्तर : गळ्याला काहीच बांधायचं नाही. टूर्निकेट फक्त हात आणि पाय यांच्यासाठी. मान, छाती, पोट इथे ते चालतच नाही. गळ्यावर रक्त जिथून येतंय तिथे दोन-तीन बोटांनी कापडासह थेट आणि सतत दाबायचं, श्वासनळीवर किंवा दोन्ही बाजूंना एकदम नाही, आणि बोटं दवाखान्यात पोचेपर्यंत उचलायची नाहीत. दाबणारा माणूस रुग्णाबरोबरच गाडीत चढतो.

जांघ आणि काख यांनाही पट्टी बसत नाही. तिथली जखम खोल असेल तर स्वच्छ कापडाची लांब पट्टी बोटाने आत, तळापर्यंत, जखम गच्च भरेपर्यंत ठासायची आणि वरून वजन टाकून दाबून धरायचं. भीती वाटते, पण हेच करायचं असतं.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तुमच्या गल्लीत तो कोण विकतं हे गल्लीला माहीत असतं. त्या दिवसांत दुचाकीवर गळ्याला जाड मफलर गुंडाळा आणि लहान मुलाला पुढे टाकीवर बसवू नका.

प्रश्न : आईचं वय ७२. पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत. परवा अंघोळ करताना घोट्याजवळ एक शीर फुटली, बाथरूमभर रक्त झालं आणि आईला दुखलंसुद्धा नाही. मी घाबरून पोटरीला ओढणी बांधली. हे बरोबर का? ती रक्त पातळ होण्याची गोळीही घेते.
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : या जखमेला बांधू नका, याचं कारण पहिल्या उत्तरात आहे. फुटली आहे ती शीर, धमनी नाही. पोटरीला ओढणी बांधल्यावर शिरेतलं रक्त वर जायची वाट बंद होते आणि ते फुटलेल्या जागेतून येतं.

उपाय इतका सोपा आहे की माहीत नसल्याने कोणी जावं याचं मला फार वाईट वाटतं, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं याने जातातही. जिथे असेल तिथेच, ओल्या फरशीवरसुद्धा, आईला पाठीवर झोपवा. पाय उचलून बादलीवर, खुर्चीवर किंवा तुमच्या खांद्यावर ठेवा, छातीपेक्षा बराच वर. फुटलेल्या जागी अंगठ्याने दाबा. बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबतं. गोळी चालू असेल तर जास्त वेळ, वीस मिनिटंही दाबावं लागेल. गोळी स्वतःहून बंद करू नका, ती हृदयासाठी किंवा मेंदूसाठी दिलेली असते.

आईला हे एकटीने करता यायला हवं. तिला जमिनीवर आडवं होऊन पाय भिंतीला लावून एकदा करून बघायला सांगा. अंघोळीचं पाणी कोमट ठेवा, कडकडीत पाण्याने शिरा फुगतात, आणि मोरीला आतून कडी लावू नका. एकदा फुटलेली शीर परत फुटते, तेव्हा या महिन्यातच सर्जनला दाखवून तिचा बंदोबस्त करून घ्या.

प्रश्न : मी मुकादम आहे. माझ्या टोळीत दहा कोयते आहेत. दसऱ्यानंतर आम्ही गाव सोडतो ते उन्हाळ्यात परततो. फडात कोयता नडगीवर बसतो, डाव्या हाताची बोटं तुटतात. दवाखाना लांब असतो. पेटीत काय ठेवू?
— एक ऊसतोड मुकादम, गेवराई तालुका

उत्तर : मुकादम, तुम्ही विचारलंत याचं मला मोल आहे. शहरी वाचकांसाठी सांगते, टोळीतला एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा इथे वीस माणसांची गोष्ट चालली आहे, आणि त्यांच्या पोरांची.

पेटीत दोन खरे टूर्निकेट ठेवा, ज्यांना रुंद पट्टा आणि पीळ द्यायचा पक्का दांडा असतो आणि दांडा अडकवायला खोबण असते. रक्त तपासताना लावतात ती रबरी नळी किंवा क्लिपची पातळ पट्टी नको, ती फक्त शिरा फुगवण्यासाठी असते. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणारे नकली असू शकतात, त्यांचा दांडा ऐन वेळी मोडतो. सरावाला एक वेगळा ठेवा, वापरलेला पट्टा ढिला होतो. त्याशिवाय सहा इंची सुती बँडेजचे रोल भरपूर, गॉझ, हातमोजे, जाड कापड कापणारी कात्री, मार्कर पेन, एक चादर, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या. पेटी ट्रॅक्टरच्या सीटखाली कुलपात नको, फडाच्या कडेला हवी.

खरेदी परवडत नसेल तर गमछा आणि लाटण्याचा सराव करा. टोळीतल्या प्रत्येकाला एकदा स्वतःच्या मांडीला बांधून, दुखेपर्यंत पीळ देऊन बघू द्या, आणि लगेच सोडा. बायकांना आधी शिकवा. पुरुष मोळ्या वाहायला ट्रॅक्टरकडे गेलेला असतो आणि कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, किंवा फडात जवळ असते ती बाईच.

तिच्याबद्दल आणखी एक. पाच लिटर रक्त असतं हे चांगल्या धिप्पाड माणसाचं माप झालं. पन्नास किलोच्या बाईत जेमतेम साडेतीन लिटर असतं, आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना मुळातच रक्तक्षय आहे. पुरुष जे सोसतो ते तिला सोसत नाही. कोयता तिला लागला तर बांधायला एक मिनिटही घालवू नका, आणि ‘थोडंसंच गेलंय’ म्हणून तिला परत मोळी बांधायला बसवू नका. अंग गार आणि घामट लागलं, बोलण्यात गोंधळ झाला, उगाच अस्वस्थ झाली, की गाडी काढा.

तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून निकामी होतं. बोट जोडता येईल अशा रुग्णालयाचं नाव कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडून हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या.

प्रश्न : रस्त्यावर अपघात झालेल्याला मी बांधलं आणि पुढे त्याचा पाय गेला किंवा तो दगावला, तर पोलीस मलाच धरणार. तुम्ही लिहायला मोकळ्या आहात.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : तुमच्या रागामागे काहीतरी पाहिलेलं, ऐकलेलं आहे, म्हणून सरळ सांगते. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची केंद्राची नियमावली देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्‌भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करताना काही चूक राहून रुग्णाला इजा झाली किंवा तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. दवाखान्यात किंवा पोलिसांना नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. सांगायचं असेल तर सांगा. रुग्णालय तुम्हाला खर्चासाठी अडवू शकत नाही.

माझ्या कॅज्युअल्टीत कोणी अनोळखी माणसाला घेऊन आलं की मी एवढंच विचारते : किती वाजता बांधलं, आणि मधे सोडलं होतं का? ही दोन उत्तरं देऊन तुम्ही निघून गेलात तरी चालेल.